सत्तावीस जण आणि आपण दोघी

बिशान, ४ ऑक्टोबर

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की परत करायचे ते तू ठरव, पण मोठी बहीण लिहिणार म्हटल्यावर सुरुवात त्यांनीच होणार.

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पहिलं वर्षभर मी समजत होते, तुझा नंबर बदलला. ऋचानं माझा फोन हातात घेऊन एका सेकंदात तिच्या इथल्या इंग्रजीत निदान केलं, "ममा, शी ब्लॉक्ड यू लाह. सो ऑब्व्हियस." माझीच मुलगी, एकोणीस वर्षांची, पण दयामाया नाही. ई-मेल मात्र तू बंद केलेला नाहीस. एक तर विसरलीस, नाहीतर मुद्दाम ठेवलास. मी दुसरं धरून चालते. ताई नेहमी स्वतःच्या सोयीचंच धरून चालते असं तू म्हणशील. म्हण.

आधी कामाचं. आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. तुला रविवारच्या फोनवर ती "जरा दम लागतो" एवढंच सांगते, हे मला माहीत आहे, कारण ती फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लावून घेते, पण आपल्या आईचा आवाज लावलेल्या दाराला जुमानत नाही. दम नुसता जरासा लागत नाही. लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत बावीस पावलं आहेत, त्यात ती दोनदा थांबते. मांडीतून नळी घालून नवी झडप बसवता येते, छाती उघडावी लागत नाही. एक्याऐंशीव्या वर्षी जोखीम आहेच, पण डॉक्टरबाई म्हणतात, या वयातल्या बऱ्याच जणांचं छान होतं. केलं नाही तर दोन वर्षं, कदाचित त्याहूनही कमी. ६ नोव्हेंबरची तारीख मिळते आहे. २४ ऑक्टोबरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे.

आता तू म्हणशील, मग माझ्याकडे काय काम? कायद्यानं सही आईचीच. ती शुद्धीत आहे, तल्लख आहे, कालच तिनं मला कपडे वाळत घालण्यावरून दोन वाक्यं सुनावली. पण डॉक्टरबाईंसमोर ती काय म्हणाली ऐक. "माझ्या दोन मुली आहेत. दोघी एकत्र बसून हो म्हणाल्या तरच मी सही करीन. एकीचं ऐकणार नाही." मी भाषांतर करून सांगितलं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी हसले नाही.

आई सांगत होती, २३ तारखेला तुमच्याकडे सत्तावीस युरोपियन देशांचे प्रमुख जमणार आहेत आणि तू त्या गडबडीत आहेस. बैठकीच्या खोलीत कोण कुठे बसणार, आत कोण जाणार, बाहेर कोण थांबणार, हे बघणाऱ्या टीममध्ये तू आहेस याचा तिला फार अभिमान आहे. शेजारच्या मिसेस ताननाही तिनं सांगून ठेवलंय. कोणत्या भाषेत ते विचारू नकोस. मीही त्यांचा अजेंडा वाचला. संरक्षण, स्थलांतरित, आणि काय तर म्हणे लोकांना परवडणारी घरं मिळत नाहीत. सत्तावीस जणांना सुटत नाही हा प्रश्न? सगळ्यांना इकडे पाठव. विमानतळावरून सरळ बिशानला आण, माझ्या खिडकीतून खालच्या सरकारी घरांच्या रांगा बघायला लाव, मी पोहे करते. पोहे खाऊन होईपर्यंत निम्मं काम झालेलं असेल.

ते असो. तुझ्याकडून मला एका ओळीचं "हो" हवं आहे. बाकी सगळं मी बघते. मागचं उगाळायची ही वेळ नाही. सहा वर्षांपूर्वी हॉस्पिटलात अण्णांच्या वेळी जे झालं ते झालं. तू खाली गेली होतीस, डॉक्टर लवकर आले, निर्णय घ्यावा लागला. त्यात दोष कुणाचा नव्हता.

उत्तर लवकर दे.

अरुणा

बिशान, ९ ऑक्टोबर

चि. क्षिप्रा,

सहा वर्षांनी तुझी दोन वाक्यं आली. "रिपोर्ट पाठव. आणि 'डॉक्टर लवकर आले' हे पुन्हा लिहू नकोस." तुझी आठवण आली म्हणायला हरकत नाही. लहानपणीही तू एवढंच बोलायचीस आणि घर डोक्यावर घ्यायचं काम आम्ही करायचो.

रिपोर्ट जोडले आहेत, अकरा पानं. चौथं आणि नववं महत्त्वाचं, नवव्यावर जोखमीचे आकडे आहेत.

पुन्हा लिहू नकोस म्हणतेस तर लिहीत नाही. भेटीची वेळ डॉक्टरांनी बदलली नव्हती, मी बदलून घेतली होती. चारची साडेतीन. त्यांना चालत होतं. आणि तुला खाली मीच पाठवलं असेन, कॉफी आणायला. तू त्याच सकाळी विमानातून उतरलेली, डोळे सुजलेले. अण्णांना दुसरा झटका येऊन आठ दिवस झाले होते. श्वासाची नळी एकदा काढून पाहिली होती, श्वास पुन्हा घसरत होता, आणि नळी परत घालायची की नाही एवढंच ठरवायचं होतं. तू "घाला" म्हणाली असतीस. तुला त्यांचा चेहरा बघून फक्त सहा तास झाले होते, मला आठ दिवस. मला ठाऊक होतं काय बरोबर आहे, आणि तेच झालं. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे गेले. तुला कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणून आज सांगते: मी बरोबर होते.

आणि आता एक गंमत ऐक. तुमच्या परिषदांबद्दल मी गेले चार दिवस वाचते आहे. सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय तिथं मोठा निर्णय होत नाही, एक जण अडला तरी गाडी अडली, असं दिसतं. मग दोनेक वर्षांपूर्वी काय झालं? एका पंतप्रधानांना एक निर्णय पसंत नव्हता. ते उठले, कॉफी प्यायला बाहेर गेले, आणि उरलेल्या सव्वीस जणांनी तेवढ्यात निर्णय करून टाकला. जगभर छापून आलं. कुणी त्याला फसवणूक म्हटलं नाही, उलट शहाणपणाची वाट काढली म्हणून कौतुक झालं. कॉफीच, क्षिप्रा! मी ऑफिसात एकटीच मोठ्यानं हसले.

मी बँकेत पंचवीस वर्षं मीटिंगा घेते आहे. कोण काय म्हणणार हे आधी माहीत नसेल तर मीटिंग बोलवू नये, आणि ज्याचं जुळणार नाही त्याला त्या वेळी दुसरं काम द्यावं, हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकले. आता कळलं की तुमचे राष्ट्रप्रमुखही तेच करतात. त्यांनी केलं की मुत्सद्देगिरी, ताईनं केलं की पाप. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

तेव्हा राग सोड आणि आईसाठी "हो" लिही. दिवाळी जवळ आली, भाजणी दळायला टाकायची आहे.

अरुणा

बिशान, १५ ऑक्टोबर

क्षिप्रा,

तुझं पत्र मिळालं. मी ते ऑफिसात वाचलं, लॅपटॉप मिटला, आणि दुपारची मीटिंग पहिल्यांदाच दुसऱ्याला घ्यायला सांगितली.

तू लिहिलंस ते इथं पुन्हा उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल. "ताई, तो पंतप्रधान कशासाठी बाहेर जातोय हे त्याला माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तो नाही म्हणून खुर्चीत बसून राहू शकला असता, कुणी त्याला उठवू शकलं नसतं. मी खाली उभी राहून तुमच्या कपांची झाकणं घट्ट बसवत होते, लिफ्टमध्ये सांडू नये म्हणून. वर आले तेव्हा तू माझ्या हातातून ट्रे घेतलास आणि म्हणालीस, ठरलंय."

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, ही तिकडे बसून शब्दांचा कीस काढते आणि इथं बेडपॅन मी धुतलेत. रविवारी त्याच रागात आईला घेऊन लिटिल इंडियात गेले. सेरंगून रोडवर दिवाळीच्या कमानी लागल्यात, यंदा मोर आणि हत्ती. गर्दी ही एवढी. आईला व्हीलचेअरवर बसवलं होतं, त्यामुळे ती आधीच फुरंगटलेली. दुकानात पणत्या निवडताना मी तिला म्हटलं, "क्षिप्राला अजून तेच धरून बसायचंय. मी काय चूक केली सांग." मला वाटलं, ती नेहमीसारखं "जाऊ दे गं" म्हणेल.

ती म्हणाली, "तुझे अण्णा पाटबंधाऱ्यात तीस वर्षं होते. धरणाचं दार उघडायचं की नाही, ते वरचे साहेब ठरवायचे. पण उघडायच्या आधी खालच्या गावांत भोंगा वाजला पाहिजे, हे अण्णा बघायचे. एकदा भोंगा बिघडला तर स्वतः सायकलवर गेले होते, गावोगाव सांगत. पाणी सोडणं बरोबरच असतं अरुणा, भोंगा न वाजवणं चूक." आणि मग दुकानदाराला हिंदीत म्हणाली, "भैया, ये दिया टेढा है, दूसरा दो."

मी पणत्यांची पिशवी घेतली आणि व्हीलचेअर ढकलत एमआरटीच्या स्टेशनात गाडी पकडायला निघाले. प्रबोधला घरी आल्यावर सांगितलं, तर तो म्हणाला, "आईंनी बरोबर सांगितलं." नवरा म्हणून हा माणूस गेली सव्वीस वर्षं माझ्याच बाजूनं बोलत आला, नेमका त्या दिवशी त्याला स्वतंत्र मत सुचलं.

तर आता भोंगा वाजवते, सहा वर्षं उशिरा. मी लिहिलं होतं, "तुला खाली पाठवलं असेन." असेन नाही. पाठवलं. खोलीत मी, आई आणि प्रबोध, तिघंच होतो. तीन कप पुरले असते. मी तुला सहा सांगितले, नर्सनाही देऊ म्हणून, आणि प्रत्येक वेगळा: एक बिनदुधाचा, एक साखर कमी, एक बिनसाखरेचा, एक बर्फ घालून, दोन चहा, त्यातला एक आल्याचा. दुपारी त्या स्टॉलवर केवढी रांग असते ते मी आठ दिवस बघत होते. तू फोनवर टिपून घेत होतीस, आणि मला परत विचारलंस, "ताई, तुझा साखर कमीचाच ना?" मी हो म्हटलं.

हे लिहून मला हलकं वगैरे वाटलेलं नाही. उगाच समजूत नको.

आईची तब्येत तशीच आहे. तू रविवारी तिला ऑपरेशनचं विचारलंस आणि तिनं "ताईला विचार" म्हणून फोन ठेवला, हे तिनंच मला सांगितलं. मी विचारलं की म्हणते, "क्षिप्राला विचार." एकीकडून दुसरीकडे पिटाळते आहे आपल्याला. नऊ दिवस उरलेत.

अरुणाताई

बिशान, २३ ऑक्टोबर

चि. क्षिप्रा,

आज आई आणि मी तुमची परिषद पाहिली. तुमच्याकडे सकाळ, आमच्याकडे साडेतीन-चार. मी सुट्टी काढली होती. आईनं ठेवणीतली साडी नेसली, का ते मी विचारलं नाही. समोर चकली आणि शेव. मिसेस तानही आल्या, आईनंच बोलावलं होतं. ही कोण, ती कोण, याची उत्तरं मी फोनमध्ये शोधून देत होते आणि दोघी "ओह" म्हणत होत्या.

गाड्या येतात, एकेक जण उतरतो, लाल गालिच्यावरून चालत येतो, माईकसमोर थांबून घरच्यांना ऐकू जाईल असं काहीतरी ठणकावून बोलतो आणि आत जातो. आईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ती प्रत्येकाच्या मागे बघत होती. "ती निळ्या कोटातली क्षिप्रा का?" चार निळे कोट झाले. एकदा आत ते मोठं गोल टेबल दाखवलं, सगळे गळ्यात पडत होते, पाठीवर थोपटत होते. खुर्च्यांच्या मागून एक बाई वाकून कागद सरळ करत होती. केसांचा अंबाडा, मान जरा डावीकडे. कॅमेरा तिथं दोन सेकंदही थांबला नाही. आई म्हणाली, "तीच." मला खात्री नाही, पण मी हो म्हटलं. मिसेस ताननी टाळ्या वाजवल्या.

मग कॅमेरे बाहेर काढले आणि दारं लागली. निवेदक म्हणाला की आता आत फक्त नेते, मदतनीसही नाहीत. किती वेळ लागेल ते कुणालाच माहीत नाही. आईनं विचारलं, "आणि एखादा नाहीच म्हणाला तर?" मी म्हटलं, "मग बोलत बसतात. तो हो म्हणेपर्यंत, किंवा बाकीचे थोडं मागे येईपर्यंत." आईनं चकलीची ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "त्या दिवशी दहा मिनिटं थांबलो असतो तर काय झालं असतं?"

क्षिप्रा, हे मी तुला सांगणार नव्हते. अजिबात सांगणार नव्हते. डॉक्टर आले, सगळं समजावून सांगितलं, आणि आई म्हणाली, "क्षिप्रा खाली गेलीय, तिला येऊ दे." स्वच्छ म्हणाली. मी डॉक्टरांना त्याचं भाषांतर केलं नाही. मी आईला म्हटलं, "त्यांना दुसरे पेशंट आहेत, थांबता येणार नाही." डॉक्टर थांबले असते. ते खुर्ची ओढून बसले होते, त्यांना काही घाई नव्हती. घाई मला होती. मग आईनं मान हलवली. तिनं ते मान हलवणं सहा वर्षं मनात ठेवलं आहे, म्हणून या वेळी तिची अट आहे. मी उगाच समजत होते की म्हातारी हट्टाला पेटली.

आता उद्याचं. दुपारी चारला डॉक्टरबाईंच्या खोलीत आई, ऋचा आणि लॅपटॉपवर तू. तुझ्याकडे सकाळचे दहा. ऋचा भाषांतर करेल, तिचं मराठी मोडकं आहे, पण ती काही गाळत नाही. मी आत येणार नाही. बाहेर थांबेन. कुणी मला पाठवलेलं नाही, मी कशासाठी बाहेर आहे ते मला, तुला, आईला, सगळ्यांना माहीत आहे. तू आईशी बोल, डॉक्टरांना काय हवं ते विचार, नवव्या पानाचं जरूर विचार, आणि हो किंवा नाही ठरव. माझं हो तुझ्या उत्तराला आधीच जोडलेलं आहे असं मी आईला सांगितलंय. तू नाही म्हणालीस तर माझंही नाही. मी रागावेन, भांडेन, पण बदलणार नाही.

बैठका घ्यायला मी तुमच्या सत्तावीस जणांनाही शिकवीन, तेवढा माझा अनुभव आहे. बैठकीबाहेर बसायचा अनुभव मात्र शून्य. लिंक वेळेवर उघड. माईक म्यूट राहतो तुझा, आई सांगत असते.

ताई

बिशान, २४ ऑक्टोबर

क्षिपू,

तू होतीसच, तरी माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते, कारण दाराबाहेरचं तुला दिसलं नाही.

मी कॉरिडॉरमध्ये बसले. समोर वजन करायचं मशीन होतं. एक आजोबा तीन वेळा वजन करून गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. माझी अशी अवस्था कधी झाली नव्हती, की ज्या खोलीत माझ्या माणसाचं ठरतंय त्या खोलीत काय चाललंय ते मला माहीत नाही. मी दोनदा उठले. एकदा दारापर्यंत गेले आणि परत आले. तेव्हा कळलं तुला काय झालं असेल ते. खरं म्हणजे तेव्हाही पुरतं कळलं नाही, कारण मला निदान हे तरी माहीत होतं की आत काय विचारलं जातंय.

पंधराव्या मिनिटाला ऋचा दार उघडून बाहेर. "ममा, मावशी सेज नो ताई, नो डिसिजन. कम लाह, फास्ट, डॉक्टर वेटिंग." मला वाटलं, ती काहीतरी चुकीचं सांगते आहे. मी तिला म्हटलं, "तिला सांग, माझं ठरलंय, ती म्हणेल ते." ऋचानं डोळे फिरवले. "आय टोल्ड हर. शी सेड दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स."

मी आत आले आणि तू पडद्यावर होतीस. केस पांढरे झाले की तुझे! कुणी सांगितलं नाही मला. तू डॉक्टरबाईंना म्हणालीस, "आता आम्ही दोघी आहोत. आता विचारा." सगळं तुझ्या एकटीच्या हातात होतं, क्षिप्रा. एक शब्द बोलली असतीस तर संपलं असतं, आणि त्यावर मी कधी तोंड उघडू शकले नसते. तुला सहा वर्षांची परतफेड करता आली असती. तू मला आत बोलावलंस.

मी सवयीनं तोंड उघडलं आणि आईनं हात वर केला. "तू नाही. आधी मी." आजवर तिला आपण दोघींनी काय करायचं ते सांगितलं, तिला काय हवंय ते विचारलं कुणी? ती म्हणाली, तिला ऑपरेशनची भीती वाटत नाही. तिला न थांबता तेक्का मार्केटमध्ये चालायचंय आणि भेंडी स्वतः निवडायची आहे, कारण मी आणते ती जून असते. सहा वर्षं ती माझी जून भेंडी खाते आहे आणि आज डॉक्टरांसमोर सांगते. डॉक्टरबाईंनी भेंडी म्हणजे काय ते ऋचाला विचारलं. तू हसलीस. मग तू हो म्हणालीस, मी हो म्हटलं, आणि आईनं देवनागरीत झोकदार सही केली.

आता राहिलेलं एक. मला ते पडद्यावर बोलता आलं नसतं.

मी तुला लिहिलं की तू "नळी घाला" म्हणाली असतीस म्हणून खाली पाठवलं. सगळ्यांना हेच सांगत आले, प्रबोधलाही. ते खरं नाही. तुझ्या नाही म्हणण्याची मला भीती नव्हती, तुला मी वादात कधी हरवलं नाही असं झालंय का? अण्णांनी पहिल्या झटक्यानंतर माझ्याकडून वचन घेतलं होतं, की पुन्हा अशी वेळ आली तर मला नळ्यांवर ठेवू नकोस. "तुझं मन घट्ट आहे, तूच करू शकशील," म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. आणि त्या दुपारी माझं मन घट्ट नव्हतं. सकाळपासून मला कुणीतरी अडवावं असं वाटत होतं. सकाळी तू येऊन दारात उभी राहिलीस, प्रवासाची बॅगही खाली ठेवली नव्हतीस, आणि मला दिसलं की तू एकदाच "ताई, थांब ना" म्हणालीस तर मी थांबेन. अण्णांना दिलेला शब्द मोडेन, नळी घालायला सांगेन, आणि त्यांचे आणखी किती दिवस तसे जातील ते देव जाणे. तू चुकीचं बोलशील म्हणून नाही, मी तुझं ऐकेन म्हणून तुला सहा कप आणायला पाठवलं.

मी घट्ट आहे यावर सगळ्या घराचा विश्वास आहे, तुझाही. तो मोडायला नको म्हणून मी तुला गमावलं. फार महागात पडलं.

तू ४ तारखेला येते आहेस असं आईनं सांगितलं. मी विमानतळावर येणार आहे, नको म्हणू नकोस, म्हटलंस तरी येणार आहे. सहा वर्षांचं भांडण बाकी आहे आणि ते ई-मेलवर उरकायचं नाही. आईची झडप बसू दे, ती घरी येऊ दे, मग तू आणि मी दार लावून बसू आणि तू मला काय बोलायचं ते बोल. मी मध्ये उठणार नाही.

तुझी,
ताई